अनसूयाबाईंची वाटी आणि क-सात

नाशिकच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात, मी चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. ही नोकरी नेमकी काय असते ते माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचे जावई कॉलेजात जंतू पाळतात." सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की माझं काम इतक्या कमी शब्दांत आणि इतकं बरोबर दुसऱ्या कुणीच सांगितलेलं नाही.

मी खरोखरच जंतू पाळायचो. त्यांना खायला शिजवायचं, ऊब द्यायची, वेळेवर जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायचं आणि बाहेरचा भलता जंतू त्यांच्यात घुसू द्यायचा नाही. प्राध्यापक शिकवायचे, विद्यार्थी प्रबंध लिहायचे. माझं नाव प्रबंधात यायचं ते आभाराच्या पानावर, ग्रंथपालांच्या खाली आणि आईवडिलांच्या वर. त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या हातची प्लेट कधी बुरसली नाही, असं विभागात बोललं जायचं, आणि ते खोटं आहे असं मी तरी म्हणणार नाही.

शेवटची काही वर्षं आमच्या विभागाला दह्याचं वेड लागलं होतं. विभागप्रमुख मॅडमचा तो विषय. घरच्या दह्यात दुधाचं दही करणारे जंतू असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातले काही मोजके जंतू स्वतःच्या रक्षणासाठी असा एक पदार्थ सोडतात, की शेजारचे दुसरे जंतू मरतात. रोग करणारे जंतू आता औषधांना दाद देईनासे झालेत, तेव्हा दह्यातल्या या मारेकऱ्यांकडून काही शिकता येईल का, असा मॅडमचा प्रश्न होता. आम्ही जिल्हाभरातून दही, ताक, लोणी असं काय काय गोळा करायचो.

परीक्षा अगदी सोपी. काचेच्या बशीत खळीसारखं घट्ट खाद्य ओतायचं. त्यावर गळवात पू करणारा जंतू सगळीकडे सारखा पसरायचा. मधे छोटे खड्डे पाडायचे आणि त्यात दह्यातला जंतू ज्या रसात वाढला तो रस, जंतू गाळून काढून, भरायचा. रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी सगळी बशी पांढुरकी झालेली असते. पण रसात दम असेल, तर खड्ड्याभोवती एक स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. तिथे काही उगवलेलं नसतं. ते वर्तुळ सकाळी पहिल्यांदा बघण्याचा मान माझा, कारण कुलपाची किल्ली माझ्याकडे.

यात एक गोम आहे, आणि ती सातपूरच्या एका डेअरीवाल्या गृहस्थांमुळे मला कायमची पाठ झाली. हे गृहस्थ स्वतःच्या दुकानातलं दही घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, आमचं दही जंतू मारतं असं एक सर्टिफिकेट द्या. फ्रेम करून लावतो." मी परीक्षा केली. वर्तुळ चांगलं मोठं आलं. त्यांनी लगेच मोबाइल काढला. मी म्हटलं, थांबा. शेजारच्या खड्ड्यात मी नुसतं लिंबू पिळून ठेवलं होतं. त्याचंही वर्तुळ तेवढंच.

"म्हंजे आमचं दही फेल?"

"फेल नाही, आंबट आहे. आंबटपणाने जंतू वाढत नाहीत, ते लिंबानेही होतं. आता मी रसातला आंबटपणा सोड्यासारखा खार घालून मारतो आणि परत बघतो. त्यानंतर वर्तुळ राहिलं, तर खरं."

राहिलं नाही. गृहस्थ जाताना म्हणाले, "पहिलाच फोटो भारी होता." आजही तो दुकानात लावलेला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. शिवाय, वर्तुळ खरं असलं तरी बशी म्हणजे काही माणसाचं पोट नव्हे. दही जरूर खा, पण ताप आला तर डॉक्टरकडे जा, हे मी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचो.

तर आंबटपणा मारल्यावरही टिकणारं वर्तुळ फार क्वचित दिसतं. माझ्या सगळ्या नोकरीत खणखणीत म्हणावं असं एकच दिसलं. ते कळवणकडचं.

निवृत्तीच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. कळवणच्या पुढच्या एका गावात मी नमुने गोळा करत फिरत होतो. शेवटचं घर अनसूयाबाईंचं. साठीच्या आसपासच्या, उंच, आवाज खडा. दारात दोन म्हशी. गावात सगळ्यांनी सांगितलं होतं, की दही खावं तर अनसूयाबाईंच्या घरचं. मी पोचलो तेव्हा घरात दिवा लागला होता. मी माझी निर्जंतुक बाटली पुढे केली.

"दिवे लागल्यावर इरजण देत नाय आमी," त्या म्हणाल्या.

"ताई, मला विरजण लावायचं नाही. तपासायला हवंय. चमचाभर."

"तपासायला न्या का पुजायला न्या. दिवे लागले. सकाळी या."

शेवटची एसटी गेली. शाळेतल्या गुरुजींकडे मुक्काम करून सकाळी पुन्हा गेलो. आता त्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "औषिदाच्या बाटलीत दही घालू? लय वंगाळ दिसतं ते." आणि आतून स्टीलची छोटी वाटी भरून आणली. वाटीवर नाव घातलेलं होतं, 'सौ. अनसूया', आणि खाली 'माहेरची भेट'. हे विरजणही माहेरचंच, त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन येताना फडक्याला दही चोपडून, वाळवून आणलं होतं. सासरी आल्यावर ते फडकं कोमट दुधात बुडवलं. तेव्हापासून खंड नाही.

मी ओट्यावर बसून वाटीतलं दही चमच्याने बाटलीत भरलं. तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि मी सगळं पिशवीत कोंबून धावलो. नाशिकला पोचल्यावर पिशवीतून बाटली निघाली, आणि वाटीही निघाली.

पुढच्या खेपेला परत देऊ, असं म्हटलं आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात रबरबँड पडायला लागले. पुढची खेप काही झाली नाही.

त्या दह्यातून निघालेल्या जंतूची मी नोंदवहीत नोंद केली: क-७. क म्हणजे कळवण, नमुना सातवा. स्रोत या रकान्यात लिहिलं: घरगुती दही. आंबटपणा मारला, वर्तुळ तसंच. त्याचं हे हत्यार म्हणजे एक छोटं प्रथिन आहे, हेही ठरलं. मॅडमनी विभागाला पेढे वाटले. काही वर्षांनी रेवती नावाची मुलगी पीएच.डी.ला आली आणि मॅडमनी तिला क-सात दिला. ते मारक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं, हा तिचा विषय.

रेवती देवळा तालुक्यातली, वडील प्राथमिक शिक्षक. मुलगी जिद्दी. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायची आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता घ्यायची. तिला लागेल तेव्हा क-सात ताजा, टवटवीत तयार ठेवणं हे माझं काम. दर पंधरवड्याला मी त्याला नव्या नळीत हलवायचो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि नोंदवहीत दोन शब्द लिहायचो: जिवंत, शुद्ध. कॉलेजात असलेलं सर्वांत सकस खाद्य त्याच्या वाट्याला. असे लाड मी माझ्या मुलांचेही केले नाहीत.

तिसऱ्या वर्षी, प्रबंध द्यायला जेमतेम चार महिने उरले असताना, एका सकाळी रेवती बशी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तोंड उतरलेलं. बशी सगळी पांढुरकी होती. खड्ड्याभोवती काही नाही.

"काका, काल माझ्याकडून काही चुकलं असेल."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं, आणि तिसऱ्यांदाही बशी पांढरी. जंतू तोच होता, आकार तोच, वाढ जोरदार. फक्त मारणं विसरला होता.

मॅडमनी कारण सांगितलं. अशा जंतूंमध्ये मारण्याची विद्या बऱ्याचदा डीएनएच्या एका वेगळ्या, सुट्या तुकड्यावर लिहिलेली असते. मडक्यातल्या दह्यात शेजारी शत्रू असतात, तिथे ती विद्या उपयोगी पडते. माझ्या नळीत ना शत्रू, ना उपास. तिथे ते ओझं कशाला वागवायचं? ज्यांनी ओझं टाकलं ते भराभर वाढले, आणि दर पंधरवड्याला मी बिनओझ्याच्यांनाच पुढे नेत गेलो. शेवटी ओझं वागवणारा एकही उरला नाही. म्हणूनच मूळ जंतू गोठवून ठेवतात आणि दर वेळी त्या मूळ नळीपासून सुरुवात करतात. मी दोन नळ्या गोठवल्या होत्या. पण फ्रीजर दुरुस्तीला गेला तेव्हा त्या मी साध्या फ्रीजमध्ये हलवल्या, आणि परत गोठवायचं राहून गेलं. त्या आता मेल्या होत्या. पंधरवड्याची नळी हातात आहे, मग घाई काय, असं वाटलं होतं.

चूक माझी होती. दोन वर्षं मी 'जिवंत, शुद्ध' लिहीत होतो आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी तो जंतू आम्ही पाळला होता, ती एकदाही तपासली नव्हती. रेवतीला रोज लागायचं ते प्रथिन तिने सुरुवातीलाच भरपूर करून साठवलं होतं, म्हणून तिलाही कळलं नाही. तो साठा संपला होता, आणि शेवटचं प्रकरण ताज्या प्रथिनावर अवलंबून होतं.

दुपारी ती हळू आवाजात म्हणाली, "काका, माझ्याकडे जुने फोटो खूप आहेत. तारखा कोण बघतंय?"

मला सातपूरचे ते गृहस्थ आठवले. पण तिला चार शब्द सुनावायचा मला काय अधिकार होता? ती चोरी करायला निघाली होती ती माझ्या चुकीपायी. मी टेबलावरची वाटी उचलली, रबरबँड ओतून टाकले आणि म्हटलं, "उद्या सकाळी सीबीएस स्टँडवर ये. मूळ मडकं अजून आहे ना!"

अनसूयाबाईंनी मला ओळखलं. माझ्या हातात स्वच्छ घासलेली वाटीही होती. ती द्यायची म्हणून मी पुढे केली आणि थबकलो, कारण गोठा रिकामा होता. त्या पायरीवर बसूनच बोलल्या. डोळ्याच्या ऑपरेशनला महिनाभर नाशिकला होत्या. गुडघेही गेलेले, म्हणून म्हशी विकल्या. त्या महिन्यात सून पिशवीचं दही आणत होती.

"मडकं धुऊन ठिवलं होतं तिनं. तिचा काय दोष? तिला वाटलं, घाण झालंय." मग म्हणाल्या, "माज्या आईच्या हातचं होतं ते, भाऊ. माज्या हातून गेलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवतीने माझ्याकडे बघितलं. अनसूयाबाईंचं आणि माझं, दोघांचं विरजण एकाच वेळी गेलं होतं, आणि निष्काळजीपणात मी त्यांच्या सुनेपेक्षा कितीतरी पुढे होतो.

"ताई, हे विरजण तुम्ही कुणाला दिलं होतं का?"

"गावात कैकांना दिलं. पर आता समदे पिशवीचंच घेत्यात." बोटांवर घरं मोजत म्हणाल्या, "छायीला दिलं होतं. माजी लेक. देवळाली कॅम्पात हाय. ती लावती आजून."

"मग तिच्याकडून परत का नाही आणलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी भलतंच बोललो असावं. "लेकीला दिलेलं कुनी माघारी मागतं व्हय? तिला मी सांगितलंबी नाय."

वाटी माझ्याच हातात राहिली. तशीच पिशवीत ठेवली आणि छायाचा पत्ता घेऊन आम्ही निघालो. देवळाली कॅम्पात तिचं घर सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. नवरा बाजारात शिलाईचं दुकान चालवतो, गणवेश शिवतो. छाया आईसारखीच उंच. आमची अडचण ऐकून घेतली आणि म्हणाली, "मामा, दिवे लागलेत. आता नाही देता येणार."

रेवती काहीतरी बोलणार होती. मी तिला म्हटलं, "चल, सकाळी येऊ." सहा वर्षांत मी एवढं तरी शिकलो होतो.

छायाच्या दह्यातून आम्ही चाळीसेक जंतू वेगळे केले आणि एकेकाची परीक्षा घेतली. तिचं दूध पिशवीचं, घर शहरातलं, कॅम्पाची हवा वेगळी. क-सात त्यात टिकला असेल याची खात्री कुणालाच नव्हती. पहिल्या दिवशी पाच वर्तुळं आली. आंबटपणा मारल्यावर पाचही गेली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. रेवतीने जेवण सोडलं होतं, आणि माझ्या डब्यातली भाकरी त्या दिवसांत सगळी माझ्याच वाट्याला येत होती. मला ती गोड लागत नव्हती.

चौथ्या सकाळी मी कुलूप उघडलं, इनक्युबेटरमधून बशा काढल्या आणि उजेडात धरल्या. सहाव्या बशीत डावीकडच्या खड्ड्याभोवती वर्तुळ होतं, आणि ते आंबटपणा मारलेल्या रसाचं होतं. मी फोन केला. रेवती होस्टेलवरून धावत आली, बशी बघितली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो. पुढे बाहेरच्या प्रयोगशाळेतून ओळख पटवून घेतली. आपलाच होता. अनसूयाबाईंच्या माहेराहून सासरी, तिथून लेकीच्या सासरी गेलेला, आणि हत्यार एकदाही खाली न ठेवलेला. आमच्या कॉलेजातल्या सकस खाद्याला जे जमलं नाही, ते दोन बायकांच्या स्वयंपाकघरांना रोज जमत होतं. त्यांना रोजचं दही हवं होतं, एवढंच.

वर्तुळ दिसलं त्याच दिवशी मी दहा नळ्या गोठवल्या. पाच आमच्याकडे, पाच दुसऱ्या विभागात. रेवतीने पुढच्या तीन महिन्यांत सगळी मापं नव्याने घेतली, एकही जुना फोटो न वापरता, आणि प्रबंध वेळेत दिला.

माझी निवृत्ती आठवड्यावर आली होती. त्याआधी एक काम होतं. प्रयोगशाळेत वाढलेलं काही कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम चौतीस वर्षांत मोडला नाही, तेव्हाही मोडायचा नव्हता. म्हणून मी वाटी घेऊन छायाकडे गेलो, सकाळीच. तिने ती ताज्या दह्याने काठोकाठ भरली, वर फडकं बांधलं. "आई घेणार नाही, मामा," ती म्हणाली. आईचं विरजण गेल्याचं एव्हाना तिला कळलं होतं.

तिथून थेट कळवणच्या पुढचं गाव गाठलं, तर अनसूयाबाई खरंच घेईनात. "लेकीचं माघारी नको मला."

"ताई, हे लेकीचं नाही. ही तुमची वाटी आहे. सहा वर्षं माझ्याकडे होती. कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? तुम्हीच सांगा."

त्यांनी वाटीवरचं नाव अंगठ्याने चाचपलं. डोळे नवे होते, तरी चाचपलं. मग बाहेरच्या उन्हाकडे बघून एकदम उठल्या आणि सुनेला हाक मारली, "अगं, दूध कोमट कर. बेगीनं. दिवे लागायच्या आत." सून चुलीकडे धावली. त्यांनी ठेवणीतलं मडकं काढलं आणि स्वतः पुसलं. मी एसटीसाठी निघालो तेव्हा त्या कोपऱ्यात मडक्याभोवती घोंगडं गुंडाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत नोंदवही पुढे घेऊन बसलो होतो. माझ्यानंतर येणाऱ्या मुलीसाठी क-सातची नोंद नीट करायची होती. 'जिवंत, शुद्ध' लिहिलं. पुढे लिहिलं, 'वर्तुळ तपासलं, आहे.' मग वरच्या 'घरगुती दही' या शब्दांवर रेघ मारली. तेवढ्यात फोन वाजला. सुनेच्या मोबाइलवरून अनसूयाबाई होत्या. नमस्कार नाही, काही नाही.

"भाऊ, लागलं."

"घट्ट?"

"सुरीनं कापावं आसं."

फोन ठेवला आणि स्रोताच्या रकान्यात, जागा कमी होती तरी बारीक अक्षरात, त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.